पातालपाणी दरी (इंदूर)

पातालपाणी दरी ही माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवरची, चोरल नदीने कातळात कोरलेली खोल घळ. इंदूरहून सुमारे ३५ किलोमीटर, महूच्या (आताचे डॉ. आंबेडकर नगर) पुढे. येथे नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. धबधब्याखालचा डोह थेट पाताळाला भिडतो, या समजुतीवरून हे नाव पडले.

दरीचे कडे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळला आणि एकावर एक थर साचत गेले. हेच दख्खनचे ट्रॅप. सह्याद्री आणि माळवा एकाच अग्निकांडाची लेकरे. दोन उद्रेकांमध्ये खंड पडला की वरचा लाव्हा थंड होऊन कुजत असे, त्याची माती होत असे आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढत असे. काळ्या कड्यात मधूनच दिसणारे तांबडे पट्टे अनेकदा अशा मातीचे असतात. पट्टा मऊ असतो. तो आधी झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि त्याचे धोंडे निखळून खाली पडतात. म्हणूनच कडा उभा राहतो, त्याचा उतार होत नाही.

दरीतला एखादा दगड फोडून पाहावा. बाहेरून मळकट तपकिरी असलेला तो आतून निळसर काळा निघतो. त्यातली बारीक छिद्रे म्हणजे लाव्हातून निसटलेल्या वायूचे बुडबुडे. कित्येकांत पुढे पांढरी खनिजे भरलेली आढळतात. हाच दगड झिजून माळव्याची कापसाची काळी माती झाली.

खडकाचे वय आणि दरीचे वय यांची गल्लत मात्र नेहमी होते. खडक जुना आहे. दरी त्याहून पुष्कळ तरुण आहे आणि अजून घडतेच आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, तर नर्मदेचे खोरे त्याच्या कितीतरी खाली. त्यामुळे दक्षिणेकडे वळलेल्या पाण्याला मोठा उतार मिळतो, आणि त्या जोरावर चोरल आपला कडा कुरतडत मागे, पठाराच्या पोटात सरकवत नेते. जवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावलेली चंबळ मात्र उत्तरेला यमुनेकडे जाते. एकाच पठारावरचा पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो, आणि ही वाटणी जिथे डोळ्यांनी दिसते अशा जागा माळव्यात फार नाहीत. चोरल पुढे बडवाहजवळ नर्मदेला मिळते. त्या भागात बेसाल्टखाली दडलेले, त्याहून कितीतरी जुने विंध्य खडक उघडे पडले आहेत.

दरीच्या कडेने पातालपाणी ते कालाकुंड हा मीटर गेजचा (रुळांत एक मीटर अंतर असलेला) रेल्वेघाट उतरतो. त्यावर २०१८ पासून वारसा रेल्वे धावते. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचे स्मारकही पातालपाणीलाच आहे.

पावसाळ्यात इंदुरी कुटुंबे येथे डबे घेऊन येतात. वर पठारावर पाऊस झाला की कोरड्या आकाशाखालीही लोंढा क्षणात येतो. २०११ च्या जुलैत अशाच लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली. पाणी कमी दिसले तरी पात्रातल्या खडकांवर उतरू नये.