कढत पाण्यात नत्र पकडण्याची वेळ

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या ऑक्टोपस झऱ्याचं पाणी उगमाशी जवळजवळ उकळतं असतं. पुढे वाहताना ते निवत जातं आणि 70 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की तळाशी हिरवट, लिबलिबीत साय धरते. ही साय निळ्या-हिरव्या शैवालांची. नाव शैवाल असलं तरी हे खरे तर जिवाणूच.

हात घातला तर पोळेल अशा पाण्यात ते जगतात हे नवल आहेच, पण मला त्याहून थोर वाटतं ते त्यांचं नत्र मिळवणं. हवेत 78 टक्के नत्र, तरी तो सहजी हाती लागत नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खतांच्या कारखान्यात तो बंध तोडायला 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. शैवाल हेच काम नायट्रोजिनेज नावाच्या विकराकडून करून घेतं. त्यासाठी नत्राच्या एका रेणूमागे ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे निदान 16 रेणू खर्ची पडतात. शिवाय प्राणवायू लागला की हे विकर निकामी होतं. आणि प्रकाशसंश्लेषण करणारं शैवाल दिवसभर प्राणवायूच तर सोडत असतं!

60 अंशांच्या खाली राहणाऱ्या फिशरेला नावाच्या धागेदार शैवालाने यासाठी वेगळी खोलीच बांधली आहे. धाग्यातल्या काही पेशी जाड भिंतीच्या होतात, प्राणवायू बनवणं सोडतात आणि फक्त नत्र बांधतात. त्यांना हेटेरोसिस्ट म्हणतात. शेजारच्या पेशी त्यांना साखर पुरवतात आणि बदल्यात नत्र घेतात.

त्याहून गरम पाण्यात सिनेकोकॉकस नावाचं शैवाल असतं. ते एकपेशीय, त्यामुळे खोली बांधायची सोयच नाही. मग ते वेळ साधतं. दिवस मावळला की सायीतले जीव श्वसन करून उरलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात. तेव्हा सिनेकोकॉकसमधली नत्र स्थिरीकरणाची जनुकं जागी होतात आणि विकर तयार होऊ लागतं. पण अंधारात ऊर्जा मिळते ती साठवलेली साखर आंबवून, आणि ती तुटपुंजी. त्यामुळे रात्रभर काम रेंगाळतं. खरा जोर येतो तो भल्या सकाळी. विकर तयार आहे, कोवळ्या उजेडातून ऊर्जा मिळू लागली आहे आणि प्राणवायू अजून साचलेला नाही. प्रत्यक्ष मोजमापांत नत्र स्थिरीकरणाचा उच्चांक सापडला तो नेमका याच वेळी. ऊन चढतं, सायीत पुन्हा प्राणवायू भरतो आणि काम थांबतं ते संध्याकाळपर्यंत.