सातपूरला सायकलने जायचंय? आधी टायर बघा

कामावर जायला सायकल घ्यायची म्हटलं की दुकानात दोनच गोष्टींची चर्चा होते: गिअर किती आणि शॉकअप आहे का. नाशिकमधल्या रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी तरी आधी टायर बघेन.

टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की पुन्हा फुगतो. या दबण्याफुगण्यात आपली थोडी मेहनत रबर तापवण्यात जाते. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, वेग ताशी १८ किलोमीटर धरा. गुळगुळीत, नीट हवा भरलेल्या टायरवर यात साधारण २० वॉट जातात. माउंटन बाइकच्या खोल खाचांच्या, हवा कमी असलेल्या टायरवर ५० वॉटपर्यंत. आरामात पॅडल मारणारा माणूस १०० वॉटच्या आसपासच देतो, म्हणजे ३० वॉट फुकट घालवणं परवडणारं नाही. उलट तीन किलोने हलकी सायकल घेतली तर चढावरही मेहनत साडेतीन टक्क्यांच्या आसपासच वाचते. त्यासाठी पंधरा हजार जास्त मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं.

मग बारीक टायर घ्यावा? तेही नको. दाब सारखा असेल तर रुंद टायर उलट किंचित हलका चालतो, कारण जमिनीवरचा त्याचा ठसा आखूड असतो आणि तो कमी दबतो. शिवाय पावसाळ्यातले खड्डे आहेतच. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पाण्याच्या टबात बुडबुड्यांच्या दोन रांगा दिसल्या की पंक्चरवाला वर न बघताच म्हणतो, "हवा कमी होती." ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर, म्हणजे बहुतेक हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकलींना असतो तो, इथे बरा. शॉकअपची गरज डांबरी रस्त्यावर फारशी नसते. उभं राहून पॅडल मारलं की तो खालीवर होत ताकद खातो.

आता वारा. पंचवटीकडून सातपूर एमआयडीसीकडे जाणं म्हणजे पश्चिमेला जाणं, आणि पावसाळ्यात वारा बहुधा तिकडूनच येतो. वेग तोच ठेवायचा आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर हवेचा विरोध जवळजवळ अडीचपट होतो. वाकून बसलं की हा विरोध कमी होतो. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तशा शर्यतीत वाकलेल्या हँडलची रोड बाइक शोभते. द्वारका चौकातल्या गर्दीत मात्र मान वर ठेवून चारी बाजूंना बघता यायला हवं. वारा लागला की गिअर उतरवायचा, इतकंच.

गिअर हवेतच, पण २१ म्हणजे २१ वेगळे वेग नव्हेत. त्यातले बरेच एकमेकांच्या जवळचे असतात. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वापाच मीटर जाते. दोन्हीकडे २८ असतील तर सव्वादोन मीटरच्या आत. ही खालची बाजू चढाला आणि वाऱ्याला कामी येते.

डिस्क ब्रेक असेल तर उत्तम, कारण भिजलेल्या रिमवर रबर धरायला वेळ लागतो. मडगार्ड आणि कॅरिअर मात्र आधीच बसवून घ्या. आणि व्हॉल्व्ह बघा: मोटारसायकलीसारखा जाड असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक असेल तर अडॅप्टर खिशात ठेवावा लागतो.