नळीतला कोळी आणि त्याला सांभाळणारी माणसं

पन्हाळा, गगनबावडा, दाजीपूरकडे भटकणारी कॉलेजची मुलं हल्ली हमखास विचारतात, की दरडीतला कोळी घरी आणून सांभाळता येईल का? इंटरनेटवर त्यांनी परदेशातले पर्सवेब कोळी, म्हणजे रेशमाच्या बंद नळीत राहणारे कोळी, पाहिलेले असतात. या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय उत्तर देऊ नये असं मला वाटतं.

पर्सवेब कोळी पाळायचा म्हणजे खरं तर त्याची नळी पाळायची. युरोपातला पर्सवेब, ॲटिपस, जमिनीत खोल बीळ करतो, त्याला रेशमाचं अस्तर लावतो आणि तेच अस्तर जमिनीवर बोटभर पुढे आणतो. वरचं टोक बंद आणि अंगाला माती चिकटवलेली, त्यामुळे ती नळी पाचोळ्यात पडलेल्या काडीसारखी दिसते. मादी सारं आयुष्य त्या नळीत काढते. एखादा किडा नळीवरून चालत गेला की ती आतूनच लांबलचक सुळे रेशमातून आरपार खुपसते, किड्याला धरून ठेवते, नळीला चीर पाडून त्याला आत ओढते आणि नंतर चीर शिवून टाकते. बाहेर काही घडल्याची खूणसुद्धा उरत नाही.

लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने १८०४ मध्ये ॲटिपस हे नाव दिलं खरं, पण हा प्राणी खातो काय यावर पुढे कितीतरी वर्षं वाद होता. नळी तर दोन्हीकडून बंद. मग बिळात शिरणाऱ्या गांडुळांवर तो जगत असावा, असा काहींचा तर्क होता. फ्रेडरिक इनॉक या इंग्रज निसर्गअभ्यासकाने चिकाटीने नळ्यांवर नजर ठेवली आणि १८८५ मध्ये या कोळ्याचं जीवनचक्र छापलं. त्यानंतर शिकारीची ही रीत पक्की झाली. युरोपातल्या या जातीचं मीलन पानगळीच्या दिवसांत होतं, अंडी पुढच्या उन्हाळ्यात, आणि पिल्लं बाहेर पडतात ती त्याच्याही पुढच्या वसंतात. मादीला वयात यायलाच काही वर्षं लागतात.

अमेरिकेत गोष्ट चित्रांपासून सुरू झाली. जॉर्जियात राहणाऱ्या जॉन ॲबटने तिथल्या कोळ्यांची चित्रं काढून ठेवली होती. त्यांवरून वाल्कनेर या फ्रेंच अभ्यासकाने १८३५ मध्ये स्फोड्रॉस ही पर्सवेबची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली आणि एका जातीला ॲबटचंच नाव दिलं. स्फोड्रॉसच्या बऱ्याच जातींची नळी आडवी पडत नाही, झाडाच्या बुंध्याला टेकून उभी चढते. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक हेन्री मॅकूक यांनी १८८८ मध्ये या घरट्यांवर लिहिलं.

पाळणाऱ्यांना सगळे धडे या माहितीतूनच मिळाले. टाकी उथळ असून चालत नाही, माती वीतभर तरी खोल हवी. असा उभ्या नळीचा स्फोड्रॉस असेल तर सालीचा तुकडा उभा रोवावा लागतो, नाहीतर नळी कशाच्या आधाराने चढणार? खालची माती दमट ठेवायची. खायला घालायचं तर किडा चिमट्यात धरून नळीवरून हळू फिरवायचा. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे कोळी नळीसकट जमिनीतून खणून काढणं. नळीचं तळाचं टोक कुठे आहे हे वरून कळत नाही. फावडं जरा तिरकं गेलं की नळी तुटते, आणि कित्येकदा कोळीही जातो.

आता आपल्याकडचं. कोल्हापूरच्या पश्चिमेला जांभ्याच्या दरडींत जे सापडतात ते पर्सवेब नव्हेत, त्यांचे भाऊबंद आहेत. बिळाला झाकण लावणारे कोळी आणि जमिनीत राहणारे टॅरँटुला. सुळे समांतर, वरून खाली मारायचे, ही घराण्याची खूण सारखीच. झाकणावर माती आणि शेवाळ इतकं बेमालूम बसवलेलं असतं, की दिवसा नाक लावून पाहिलं तरी चुकतं. रात्री टॉर्च तिरपा धरला तर झाकण किंचित उचललेलं आणि फटीत पुढच्या पायांची टोकं दिसतात. काडीने उचकटायला गेलं तर कोळी आतून झाकण घट्ट ओढून धरतो. जॉन मॉग्रिजने दक्षिण फ्रान्समध्ये अशा कोळ्यांवर १८७३ मध्ये पुस्तक लिहिलं. प्रकृतीसाठी तिथे राहिलेला हा माणूस पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वारला, पण त्याचं निरीक्षण आजही वाचावं असं आहे.

सह्याद्रीतल्या या घराण्याची पहिली मोठी नोंद लंडनमध्ये बसून झाली. ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉक यांनी १८९९ मध्ये थ्रिग्मोपियससारखे आपल्या घाटातले टॅरँटुला वर्णिले आणि १९०० मध्ये भारतातल्या कोळी-विंचवांवरचा ग्रंथ आणला. पुढचं शतक बरंचसं शांत गेलं. इकडे काम थंड असताना परदेशात मात्र भारतीय टॅरँटुलांना गिऱ्हाईक वाढत गेलं. झाडांच्या ढोलीत राहणारे पोसिलोथेरिया तर रंगांमुळे फारच मागणीत आले. अखेर २०१९ मध्ये ती सगळी प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतली गेली, म्हणजे तिचा परदेशी व्यापार परवान्याखाली आला. झाकणवाल्यांना असा रंग नाही, म्हणून त्यांच्याकडे व्यापाऱ्यांचं लक्ष कमी. त्यांच्या जिवावर उठतं ते घाटरस्त्याचं रुंदीकरण. जेसीबी एका दुपारी अख्खी दरड तासतो आणि तिच्यातली सगळी बिळं एकदम जातात.

म्हणून त्या मुलांना मी सांगतो, आधी दरड राखा. राधानगरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बंदिवासात ठेवणं सरसकट वाईट, असंही मी म्हणणार नाही. या कोळ्यांची जात ठरवायला बहुतेकदा वयात आलेला नर लागतो. तो थोडेच दिवस जगतो, पावसाळ्यात मादीच्या शोधात बाहेर पडतो आणि संपतो. त्यामुळे संशोधक रीतसर परवानगीने अर्धवट वाढलेला एखादा कोळी आणून तो वयात येईपर्यंत सांभाळतात. पश्चिम घाटातून २०१५ मध्ये सानप आणि मिर्झा यांनी हेलिग्मोमेरस या प्रजातीतली नवी झाकणवाली जात मांडली, म्हणजे नावं द्यायचं काम अजून चालूच आहे. ज्याला खरंच कोळी सांभाळायचा आहे त्याने अशा अभ्यासकाच्या हाताखाली जावं. तोवर वही, टॉर्च आणि एकाच दरडीला वर्षभर भेट देत राहणं पुरेसं आहे. इनॉकनेही मुळात नजर ठेवण्याचंच काम केलं होतं.