वीजपुरवठा-खंडांचे मापन व नोंद

वीजपुरवठा-खंडांचे मापन : वितरण जाळ्यातून ग्राहकाला मिळणारी वीज किती वेळा आणि किती काळ बंद राहिली याची ठरीव नियमांनी नोंद घेऊन, तिच्यावरून जाळ्याच्या विश्वसनीयतेचे निर्देशांक काढण्याची व ते नियामक आयोगाला सादर करण्याची पद्धती. दाबातील चढउतार, फ्लिकर, हार्मोनिक विकृती हे विजेच्या गुणवत्तेचे स्वतंत्र विषय असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. स्थानिक उदाहरणे बडोदे शहर व परिसरातील घेतली आहेत. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय बडोद्यात होते. १ एप्रिल २००५ पासून मंडळाच्या जागी वेगवेगळ्या कंपन्या काम करू लागल्या आणि शहराचे वितरण मध्य गुजरात वीज कंपनीकडे आले. राज्याचे भारप्रेषण केंद्रही (वीजनिर्मिती व मागणी यांचा मेळ घालणारे नियंत्रण केंद्र) शहरातील गोत्री भागात आहे. ग्राहकांच्या तोंडी मात्र अजून ‘जीईबी’च (जुन्या मंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) आहे.

मूळ राशी दोनच आहेत. वर्षभरातील प्रत्येक खंडात बाधित झालेल्या ग्राहकांच्या संख्यांची बेरीज करून तिला एकूण ग्राहकसंख्येने भागले, म्हणजे दर ग्राहकामागे पडलेल्या खंडांची सरासरी मिळते. हा ‘सैफी’ (सिस्टम ॲव्हरेज इंटरप्शन फ्रीक्वेन्सी इंडेक्स) निर्देशांक होय. बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक संख्येला त्या खंडाच्या कालावधीने गुणले, तर दर ग्राहकामागे वीज नसलेली सरासरी मिनिटे येतात; हा ‘सैडी’ (सिस्टम ॲव्हरेज इंटरप्शन ड्युरेशन इंडेक्स). सैडीला सैफीने भागून येणारा ‘कैडी’ एक खंड सरासरी किती वेळ टिकला ते सांगतो. वर्षात ५,२५,६०० मिनिटे असल्याने ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास वीज नसणे. कैडी एकटा वाचू नये. जुन्या, दाट वस्तीत खांबांवरच्या तारा काढून भूमिगत केबल टाकली की खंडांची संख्या घटते. परंतु केबलमधील दोष शोधणे, रस्ता खोदणे व जोड बसवणे यांना वेळ लागत असल्याने उरलेला प्रत्येक खंड लांबतो. अशा वेळी जाळे सुधारूनही कैडी वाढलेला दिसतो.

या निर्देशांकांचा प्रारंभ आयईईई या अभियंता-संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मार्गदर्शक मानकापासून (१९९८, पुढील आवृत्त्यांपैकी २००३, २०१२ व २०२२ च्या महत्त्वाच्या) धरण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी काटेकोर नाही. त्याच संस्थेच्या १९७३ च्या ३४६ क्रमांकाच्या मानकात उपकरण सेवेबाहेर जाणे आणि ग्राहकाचा पुरवठा खंडित होणे या दोन घटना निराळ्या मानून त्यांच्या नोंदीच्या संज्ञा ठरवलेल्या आढळतात. हा भेद वरकरणी किरकोळ वाटतो, पण पुढचे सर्व मोजमाप त्यावरच उभे आहे. उपकेंद्रात समांतर चालणाऱ्या दोन रोहित्रांपैकी एक बंद पडले आणि दुसऱ्याने संपूर्ण भार पेलला, तर अभियंत्याच्या दृष्टीने बिघाड झाला, ग्राहकाच्या दृष्टीने काहीच घडले नाही. उलट एका वितरण रोहित्राचा डीओ फ्यूज (खांबावरचा, उडाल्यावर खाली लोंबणारा फ्यूज) उडाला, तर उपकेंद्राच्या नोंदवहीत ओळही पडत नाही आणि सगळी गल्ली अंधारात असते. विश्वसनीयतेचे संभाव्यताशास्त्रीय गणित याच सुमारास विकसित होत होते व त्यात कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाचे रॉय बिलिंटन यांचा वाटा मोठा आहे. मात्र ते गणित प्रामुख्याने भावी जाळ्याच्या नियोजनासाठी होते. झालेल्या खंडांचा हिशेब ग्राहकाच्या बाजूने मांडण्याची कल्पना व्यवहारातून, वीज कंपन्यांच्या अहवालांतून आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

किती काळापेक्षा जास्त वीज गेली म्हणजे ‘खंड’ धरायचा, यावर एकमत नाही. १३६६ मानकात ही मर्यादा ५ मिनिटांची आहे. युरोपात, १९९४ मध्ये प्रथम निघालेल्या ईएन ५०१६० मानकाला अनुसरून, ती ३ मिनिटांची आहे. अमेरिकेतील कंपन्या पूर्वी आपापल्या सोयीने वेगवेगळ्या मर्यादा वापरत. पाच मिनिटांच्या समर्थनार्थ दिले जाणारे कारण असे की, दोष असलेला तुकडा स्वयंचलित स्विचांनी वेगळा काढून उरलेल्या ग्राहकांना दुसऱ्या बाजूने वीज देण्यास तेवढा अवधी मिळावा, म्हणजे कंपन्या अशी यंत्रणा बसवण्यास प्रवृत्त होतील. हे कारण तर्कसंगत आहे. तथापि साडेचार मिनिटांचा खंड निर्देशांकातून पूर्णपणे नाहीसा होतो, ही त्याची दुसरी बाजू होय. अशा अल्पखंडांसाठी ‘मैफी’ हा वेगळा निर्देशांक असला तरी तो फार कमी ठिकाणी नियमितपणे प्रसिद्ध होतो. बडोद्यातील उत्तरायण हे याचे चांगले उदाहरण आहे. १४ जानेवारीला व त्याच्या मागेपुढे पतंगाचा मांजा ११ किलोव्होल्टच्या तारांत अडकतो. धातूची भुकटी लावलेला किंवा ओला मांजा दोन तारांना एकदम टेकला की ब्रेकर उघडतो, ऑपरेटर थोड्या वेळाने ‘ट्रायल’ घेतो, म्हणजे पुरवठा पुन्हा चालू करून पाहतो, आणि फीडर (उपकेंद्रातून निघणारी वितरण वाहिनी) बहुधा टिकतो. एकाच दिवशी एखादा फीडर अनेकदा असा ट्रिप झाला तरी प्रत्येक वेळी पाच मिनिटांच्या आत वीज परत आल्यास सैफीत त्याची नोंद शून्य असते.

याहून मूलभूत प्रश्न वजनाचा, म्हणजे कोणत्या खंडाला किती महत्त्व द्यायचे याचा आहे आणि भारतीय आकडे वाचताना तो नेहमी निसटतो. नावात ‘ग्राहक’ नसलेल्या पण ग्राहकसंख्येवर आधारलेल्या या निर्देशांकांची भारतातील अनेक राज्य आयोगांच्या विनियमांत दिलेली सूत्रे पाहिली, तर तेथे ग्राहकसंख्येऐवजी ११ किलोव्होल्ट फीडरचा जोडभार (त्यावर जोडलेल्या ग्राहकांचा एकूण विद्युत भार) घेतलेला दिसतो. म्हणजे खंडाला वजन मिळते ते बाधित घरांच्या संख्येवरून नव्हे, तर बाधित मेगावॉटवरून. आयईईई मानकात भाराधारित निर्देशांकांना ‘असिफी’ व ‘असिडी’ अशी वेगळी नावे आहेत. स्पेनमध्ये मध्यम दाबावरील स्थापित क्षमतेवर आधारलेला ‘तिएपी’ रूढ आहे, परंतु तेथे नावावरूनच आधार कळतो. फरक किती पडतो हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. वस्तीच्या एका फीडरवर ३,००० ग्राहक व ६ मेगावॉट जोडभार, आणि मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागातील दुसऱ्या फीडरवर १०० ग्राहक व तितकाच जोडभार आहे असे समजू. वस्तीचा फीडर ६० मिनिटे बंद राहिला, तर ग्राहकसंख्येनुसार सैडी सुमारे ५८ मिनिटे येतो, जोडभारानुसार ३० मिनिटे. औद्योगिक फीडर तेवढाच वेळ बंद राहिला, तर पहिल्या रीतीने सुमारे २ मिनिटे आणि दुसऱ्या रीतीने पुन्हा ३० मिनिटे येतात. जोडभाराच्या रीतीचे समर्थनही करता येते : कोणत्या फीडरवर नेमके किती ग्राहक आहेत याची खात्रीलायक यादी अनेक कंपन्यांकडे दीर्घकाळ नव्हती, जोडभाराची मात्र होती, शिवाय कारखान्यातील खंडाची आर्थिक हानी मोठी असते. असे असले तरी भाराधारित आकड्याला ग्राहकाधारित निर्देशांकाचे नाव देऊन त्याची परदेशी आकड्यांशी तुलना करणे युक्त नाही. जर्मनीचा वार्षिक सैडी गेल्या दशकात साधारण १२ ते १५ मिनिटे असे, तो बरेचदा उद्धृत होतो. त्यात ३ मिनिटांपर्यंतचे खंड, नियोजित खंड आणि दैवी आपत्तीतील खंड धरलेले नसतात, हे सहसा सांगितले जात नाही.

राज्य आयोगांच्या त्याच सूत्रांतील दुसरी अट अशी की, प्रामुख्याने शेतीला वीज देणारे फीडर गणनेतून वगळावेत. गुजरातेत ज्योतिग्राम योजनेखाली (२००३–०६) गावठाणाचे व शेतीपंपांचे फीडर वेगळे करण्यात आले. गावाला चोवीस तास आणि शेतीला ठरावीक पाळीने साधारण आठ तास तीन-फेज वीज अशी विभागणी झाली. त्यामुळे कोणते फीडर वगळायचे हे येथे स्पष्ट असते. मिश्र फीडर असलेल्या राज्यांत तो निर्णय अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहतो. शेतीची पाळी संपल्यावर वीज बंद होणे हा खंड नव्हे, हे मान्य होण्यासारखे आहे. पण पाळीच्या आठ तासांतच तार तुटून तीन तास गेले, तर तो खंडच असतो आणि वगळण्याच्या अटीमुळे तोही निर्देशांकाबाहेर राहतो. पाळीचे तास हाच छेद धरून शेती फीडरांचा स्वतंत्र निर्देशांक काढणे गणिताच्या दृष्टीने अवघड नाही.

वादळ, पूर, मोठी ग्रिड-दुर्घटना यांसारख्या दिवसांचे काय करायचे हा तिसरा वाद. १३६६ मानकाच्या २००३ च्या आवृत्तीत यासाठी ‘अडीच बीटा’ रीत आली. मागील पाच वर्षांतील प्रत्येक दिवसाचा सैडी घेऊन त्याचे नैसर्गिक लॉगॅरिदम काढतात. ज्या दिवशी एकही खंड नव्हता तो दिवस सोडून देतात, कारण शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. या संख्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची (हाच ‘बीटा’) अडीच पट मिळवून उलट घातांक घेतला की उंबरठा मिळतो, आणि ज्या दिवसाचा सैडी त्याच्या वर जातो तो ‘मोठ्या घटनेचा दिवस’ ठरून त्याची वेगळी नोंद होते. दैनिक सैडीचे वितरण लॉगनॉर्मल असेल, म्हणजे त्याचे लॉगॅरिदम घंटाकृती वक्रानुसार विखुरलेले असतील, तर असे दिवस वर्षाला सरासरी २.३ निघावेत. अडीच हा गुणक सिद्धांतातून निघत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांवर ताडून पाहून तो स्वीकारला गेला. या रीतीचा गुण असा की ‘आपत्ती’ कोणती हे कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. भारतातील विनियमांत बहुधा याउलट, पूर, वादळ, संप अशी कारणांची यादी देऊन सूट दिलेली असते. बडोद्यात ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत आणि ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पाणी शिरलेल्या भागांचा पुरवठा सुरक्षेसाठी मुद्दाम बंद ठेवावा लागला होता. अशा बंदला कंपनीचा दोष म्हणता येत नाही. मात्र पाणी ओसरल्यानंतर पुरवठा पूर्ववत होण्यास लागलेला वेळ आपत्तीत मोडतो की कामगिरीत, हे कारणांच्या यादीवरून ठरत नाही. ३० व ३१ जुलै २०१२ च्या ग्रिड-दुर्घटनांत पश्चिम ग्रिड टिकून राहिल्याने गुजरातेत तसा प्रश्न उद्भवला नाही.

प्रत्यक्ष नोंद पूर्वी उपकेंद्रातील ऑपरेटरच्या लॉगशीटवर होत असे. आता फीडरच्या मीटरला मोडेम जोडून ती दूरस्थ पद्धतीने मिळते. २००८ पासूनच्या आर-एपीडीआरपी या केंद्राच्या वितरण-सुधारणा कार्यक्रमाने या बदलाला गती दिली. गुजरातेत ६६/११ किलोव्होल्टची उपकेंद्रे पारेषण कंपनी ‘जेटको’कडे असल्याने वितरण कंपनीच्या खंडाची पहिली खूण दुसऱ्या कंपनीच्या आवारात उमटते. फीडरच्या खालचे मात्र तेथून दिसत नाही. रोहित्राचा फ्यूज, तुटलेला जंपर, खांबावरून घरात येणारी जळलेली सर्व्हिस वायर, किंवा तीनपैकी एकच फेज जाणे, या घटना १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार आल्यावरच कळतात व त्यांचा कालावधी तक्रारीच्या वेळेपासून मोजला जातो. रात्री दोन वाजता गेलेली वीज सकाळी सहाला कळवली, तर मधले चार तास हिशेबात येत नाहीत.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ नुसार राज्य आयोग परवानाधारकाच्या (येथे वितरण कंपनीच्या) कामगिरीची मानके ठरवतो व ती न पाळल्यास भरपाई देय असते. कलम ५९ नुसार परवानाधारकाने आपल्या कामगिरीची माहिती आयोगाला द्यायची आणि आयोगाने ती वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करायची असते. केंद्राच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये सैफी व सैडी यांची मर्यादा आयोगाने ठरवावी असे म्हटले असून, दूरस्थ पद्धतीने तपासता येणाऱ्या बाबींत भरपाई ग्राहकाने अर्ज न करता आपोआप मिळावी अशी तरतूद आहे. येथे सरासरीची मर्यादा स्पष्ट होते : भरपाईचा हक्क एका ग्राहकाचा असतो, आणि फीडरच्या सरासरीवरून त्याच्या घरी किती वेळा वीज गेली हे सिद्ध होत नाही.

ती उणीव स्मार्ट मीटर भरून काढील अशी अपेक्षा आहे. बडोद्यात मे २०२४ मध्ये या मीटरांविरुद्ध निदर्शने झाली, ती बिलांच्या रकमांवरून. खंडनोंदीचा विषय त्या चर्चेत जवळजवळ नव्हता. दाब शून्यावर येताच कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर असा मीटर एक शेवटचा संदेश पाठवू शकतो आणि वीज परतल्यावर दुसरा. संपूर्ण फीडर गेला असता हजारो मीटर एकाच क्षणी संदेश पाठवू लागतात व त्यांपैकी बरेच पोहोचत नाहीत. म्हणून कालावधीसाठी मीटरच्या स्मृतीत राहिलेली, नंतर वाचली जाणारी घटनानोंद अधिक भरवशाची मानली जाते, आणि तात्काळ संदेशाचा उपयोग मुख्यतः दोष कोणत्या रोहित्राखाली आहे ते लाइनमनला कळवण्यासाठी करतात.