सायलेन्सर काढला आणि गाडी बसली

कॉलेजात असताना एका मित्राने त्याच्या आरएक्स 100 चा सायलेन्सर काढून सरळ लोखंडी पाइप ठोकला. आवाज जितका मोठा तितकी गाडी पळते, असा आमचा तेव्हा ठाम समज. आवाज झालाही असा, की गल्लीतली कुत्री पांगली. पण गाडी बसली. चढावर दुसरा गिअर सोडेना. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेकॅनिकने हातातला पाना खाली न ठेवताच सांगितलं, "टू-स्ट्रोकचं अर्धं इंजिन सायलेन्सरात असतंय. तेच काढून ठेवलंयस की."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण बोलला ते शब्दशः खरं होतं.

फोर-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतो. साध्या टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की त्या उघडतात, वर आला की झाकल्या जातात. यात एक अडचण आहे. धुराची खिडकी सगळ्यांत आधी उघडते आणि सगळ्यांत शेवटी मिटते. पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत आलं तरी ती उघडीच असते, त्यामुळे त्यातला बराचसा भाग न जळताच बाहेर जातो. टू-स्ट्रोक पेट्रोल पिते, ती अशी.

हे सांडणारं मिश्रण परत आत ढकलायचं काम आवाजाकडून करून घेता येतं. खिडकी उघडताच दाबाची एक लाट पाइपात सुटते. पाइप पुढे नरसाळ्यासारखा रुंद होत गेला, तर लाटेचा काही भाग ओढ बनून मागे येतो आणि सिलेंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढतो. पुढे पाइप पुन्हा निमुळता केला, तर तिथून उरलेली लाट दाब बनून परतते आणि बाहेर आलेलं ताजं मिश्रण खिडकी मिटायच्या आत सिलेंडरमध्ये कोंबते. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला मागचा लोंढा आत रेटतो, अगदी तसंच. मधे फुगलेल्या या पाइपाला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात.

त्याचं श्रेय बहुधा पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेन यांना दिलं जातं. तसा पाइप त्यांच्या आधी पश्चिम जर्मनीत एरिश वोल्फ यांनी डीकेडब्ल्यू कंपनीच्या रेसिंग गाड्यांना लावला होता. काडेन यांचं मोठेपण वेगळं आहे. चोपाऊ गावच्या एमझेड मोटारसायकल कारखान्यात त्यांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाइपातल्या लाटा पाहिल्या आणि पाइप, पोर्ट, कार्ब्युरेटरपुढची मिश्रण आत सोडणारी फिरती चकती यांची एकमेकांशी सांगड घातली. 1954 मध्ये त्यांचं 125 सीसीचं इंजिन 13 अश्वशक्ती देत होतं. 1961 मध्ये तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून मिनिटाला 10,800 फेऱ्यांवर 25 अश्वशक्ती निघू लागली, म्हणजे इंजिनाच्या दर लिटर आकारामागे 200. आमच्या मित्राची आरएक्स 7,500 फेऱ्यांवर 11 द्यायची.

थोडं गणित करून पाहू. 10,800 फेऱ्यांवर एक फेरी साडेपाच मिलिसेकंदांत संपते. त्यातले जेमतेम तीन मिलिसेकंद धुराची खिडकी उघडी असते. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला साधारण 500 मीटर धावतो. म्हणजे लाटेला जाऊन-येऊन दीड मीटर मिळतात, आणि पाइप तिला परत फिरवणाऱ्या टोकापर्यंत पाऊण मीटरचा हवा. तो लांब केला तर जोर खालच्या फेऱ्यांना मिळतो, आखूड केला तर वरच्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आता खरी गंमत. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, म्हणून थंड पाइपावर घेतलेलं माप फसवं निघतं. टेस्ट बेंचवर इंजिन बोल्टने आवळतात, शाफ्टला ब्रेक लावतात आणि ठरावीक फेऱ्यांवर किती जोर येतो ते मोजतात. पण पाइप पुरता तापेपर्यंत आकडे लिहायचे नाहीत. हीच खोड कामालाही येते. वरच्या फेऱ्यांवर ठिणगी मुद्दाम उशिरा पाडली की धूर जास्त तापतो, लाट वेगाने परतते, आणि पाइप न कापताच आखूड झाल्यासारखा वागतो. उलट होंडाने 500 सीसीच्या रेसिंग गाड्यांत पाइपात पाणी फवारलं. धूर थंड, लाट संथ, पाइप जणू लांब.

बेंचवर सगळं जमलं तरी ट्रॅकवर हवा बदलते. थंड हवा दाट असते, तिला जास्त पेट्रोल लागतं. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, बारीक राहिला तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. वाईट म्हणजे, मिश्रण पातळ होत जाताना गाडी आधी मस्त पळते. पिस्टन जाम व्हायच्या जरा आधीच सगळ्यांत छान. म्हणून फुल थ्रॉटलवर असताना क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करतात, प्लग काढतात आणि भिंगाखाली धरतात. पांढऱ्या चिनी मातीवर मुळाशी तपकिरी कडं दिसलं की ठीक. पांढराफटक निघाला तर जेट मोठा घाला. त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते बारीक कण दिसले, तर पिस्टन वितळायला लागलाय, सिलेंडर उघडा.

काडेन यांची विद्या बाहेर पडली ती 1961 च्या सप्टेंबरात. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला, बायकामुलं चोरवाटेने पश्चिम जर्मनीत आणली आणि स्वतः सुझुकीत गेला. पुढच्याच वर्षी 50 सीसीच्या वर्गात तो जगज्जेता झाला. सुझुकीचं ते पहिलं जगज्जेतेपद. चोरी म्हणावी तर चोरीच. पण बर्लिनच्या त्या भिंतीआड अडकलेल्या माणसाच्या जागी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

पुढे सुझुकीने कमालच केली. 1967 च्या 50 सीसी गाडीला दोन सिलेंडर, प्रत्येकी 25 सीसीचे. 17,300 फेऱ्यांवर साडेसतरा अश्वशक्ती, आणि जोर लागतो तो फेऱ्यांचा पट्टा इतका अरुंद, की त्यात टिकून राहायला 14 गिअर दिले. मग तीन सिलेंडरचं इंजिनही तयार झालं. पण 1969 पासून 50 सीसीला एक सिलेंडर आणि सहा गिअर असा नियम आला, आणि ते तीन सिलेंडरचं इंजिन शर्यतीत उतरलंच नाही.

मित्राने आठवडाभराने जुना सायलेन्सर परत बसवला. कुत्री गल्लीत परतली.