क्लबनिहाय गणना, फुटबॉलमधील

क्लबनिहाय गणना : विश्वचषक, ऑलिंपिक, आशियाई क्रीडास्पर्धा यांसारख्या देशादेशांतील फुटबॉल स्पर्धेत कोणत्या क्लबचे किती खेळाडू उतरले, ते किती वेळ खेळले आणि त्यांनी किती गोल केले, याचा क्लबवार हिशेब. खेळाडू देशाकडून खेळत असला तरी त्याचा पगार, रोजचा सराव आणि घडण क्लबात होते. म्हणून यशाचा काही वाटा क्लबच्या नावे मांडण्याची रीत पडली. क्रीडापानांवर ‘बार्सिलोनाचे सात’, ‘युव्हेंटसचे आठ’ अशा शब्दांत ती वाचकांच्या ओळखीची आहे. हिशेब सोपा वाटतो. अडचण सगळी षष्ठीच्या ‘चा’ या प्रत्ययात आहे. अमुक खेळाडू अमुक क्लबचा, म्हणजे नेमका कशामुळे त्या क्लबचा, यावर एकमत नाही. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथला खेळाडू गावात वाढतो, दुसऱ्याच मैदानावर घडतो आणि तिसऱ्याच संस्थेच्या नोकरीत राहून देशाकडून उतरतो, तिथे हाच प्रश्न फुटबॉलबाहेरही रोज पडतो.

उगम : या गणनेचा आरंभ बहुतेक संकलक पहिल्याच अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यापाशी नेतात. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या हॅमिल्टन क्रेसेंट मैदानावर स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यातला सामना ०-० असा बरोबरीत सुटला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू १८६७ मध्ये स्थापन झालेल्या क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, असे परंपरेने सांगितले जाते. मात्र त्या अकरांतील रॉबर्ट व जेम्स हे स्मिथ बंधू त्या सुमारास लंडनच्या साउथ नॉरवुड क्लबाशीही जोडलेले होते. म्हणून काही नोंदींत ‘अकरा’ तर काहींत ‘नऊ अधिक दोन’ अशी मांडणी आढळते. त्या काळी सभासद वर्गणी भरून एकाहून अधिक क्लबांत खेळू शकत असे. एका खेळाडूची एकाच क्लबात नोंदणी ही कल्पना तेव्हा रूढ नव्हती, हे लक्षात घेतले तर दोन्ही आकडे आपापल्या जागी चूक ठरत नाहीत.

दुसरा दावा इंग्लंडच्या कॉरिंथियन क्लबचा. १८८२ मध्ये निघालेला हा हौशी खेळाडूंचा क्लब. १२ मार्च १८९४ रोजी रेक्सहॅम येथे (इंग्लंड ५-१) आणि १८ मार्च १८९५ रोजी लंडनच्या क्वीन्स क्लब मैदानावर (१-१) वेल्सविरुद्ध उतरलेले इंग्लंडचे संघ पूर्णपणे कॉरिंथियन होते, असे क्लबचे चाहते व जुने इतिहासकार मानतात. विरोधी पक्ष असा, की कॉरिंथियन क्लब त्या काळी चषक स्पर्धांत भागच घेत नसे. त्याचे सभासद ओल्ड कार्थुजियन्ससारखे माजी विद्यार्थ्यांचे संघ, विद्यापीठे वा अन्य क्लब यांच्याकडून स्पर्धात्मक खेळत, आणि संघाच्या यादीत पुष्कळदा त्याच क्लबांची नावे नावांपुढे लागत. क्वीन्स पार्कच्या बाबतीत वाद दोन माणसांचा आहे. कॉरिंथियनच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या संघाचा. या दोन दाव्यांत पहिला अधिक भक्कम वाटतो, कारण क्वीन्स पार्कचे बहुतेक खेळाडू खरोखर तिथेच नियमित खेळत. इंग्लंडमध्ये १८८५ साली व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली आणि खेळाडूंच्या नोंदणीला हळूहळू कायदेशीर वजन आले. काटेकोर अर्थाने क्लबनिहाय गणना त्यानंतरच शक्य झाली, असे मानणे बरे. त्याआधीचे आकडे ओढून आजच्या आकड्यांच्या रांगेत बसवू नयेत.

निकष : आजच्या गणनेत तीन निकष चालतात. पहिला नोंदणीचा : स्पर्धेची यादी जाहीर होते त्या दिवशी खेळाडू ज्या क्लबशी करारबद्ध, तो त्याचा क्लब. दुसरा हंगामाचा : स्पर्धेआधीचा हंगाम तो ज्या क्लबकडून खेळला, तो. तिसरा घडणीचा : किशोरवयापासून ज्या क्लबने त्याला तयार केले, तो. फिफाच्या संघयादीत खेळाडूचे नाव, जन्मतारीख आणि उंची यांच्याबरोबर ‘क्लब’ असा एक अरुंद रकाना असतो, त्यात क्लबचे नाव आणि कंसात देशाची तीन अक्षरे. एवढ्याशा जागेत तिन्ही निकष मावत नाहीत आणि वाद तिथूनच निघतात.

सर्वांत बोलके उदाहरण २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाचे. विजेत्या स्पेनने सात सामन्यांत मिळून आठच गोल केले : डेव्हिड व्हिलाने पाच, आंद्रेस इनिएस्ताने दोन आणि कार्लेस पुयोलने एक. इनिएस्ता व पुयोल बार्सिलोनाचे, याबद्दल वाद नाही. व्हिला २००९-१० चा हंगाम व्हॅलेन्सियाकडून खेळला आणि १९ मे २०१० रोजी, म्हणजे स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना, बार्सिलोनाने त्याला करारबद्ध केले. नोंदणीचा निकष लावला तर स्पेनचे आठही गोल बार्सिलोनाचे. हंगामाचा लावला तर तीन. एका सहीने हिशेब इतका पालटतो. बार्सिलोनाच्या निळ्या-तांबड्या रंगांत अजून मैदानावरच न उतरलेल्या खेळाडूचे पाच गोल त्या क्लबच्या खाती टाकणे पटत नाही. त्यामुळे कामगिरीच्या तुलनेसाठी प्रस्तुत नोंदीत हंगामाचा निकष ग्राह्य धरला आहे.

१९७४ च्या म्युनिक येथील अंतिम सामन्यात (७ जुलै, पश्चिम जर्मनी २, नेदरलँड्स १) हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. जर्मनीच्या संघात बायर्न म्युनिकचे सहा जण होते : माइअर, बेकेनबाउअर, श्वार्झेनबेक, ब्राइटनर, हनेस व म्युलर. दोन्ही जर्मन गोल ब्राइटनर व म्युलर यांचे. समोरच्या डच संघाला सारे जग आयाक्सचा संघ म्हणून ओळखत होते. पण त्या खेळाचा आत्मा असलेला योहान क्रायफ आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, बार्सिलोनाला गेला होता. नोंदणी व हंगाम या दोन्ही निकषांनी तो आयाक्सचा नाही. घडणीच्या निकषाने तो आयाक्सखेरीज दुसऱ्या कुणाचा म्हणणार?

१९६६ च्या वेम्बली येथील अंतिम सामन्यात (३० जुलै) इंग्लंडने पश्चिम जर्मनीवर ४-२ असा विजय मिळवला. जेफ हर्स्टचे तीन व मार्टिन पीटर्सचा एक, असे चारही गोल वेस्ट हॅम युनायटेडच्या खेळाडूंचे आणि कर्णधार बॉबी मूरही त्याच क्लबचा. मूरचा क्लबबरोबरचा करार ३० जून रोजी, स्पर्धेच्या तोंडावर संपला होता आणि क्लबशी करार नसलेल्या खेळाडूला इंग्लंडकडून खेळता येत नसल्याने त्याने साधारण महिनाभराच्या अल्पमुदतीच्या करारावर सही केली, असे सांगितले जाते. तो करार झाला नसता तर चषक उचलणाऱ्या कर्णधाराला क्लबच नव्हता, अशी नोंद करण्याची वेळ आली असती.

युव्हेंटसचे आकडे दोनदा गाजले. १९८२ च्या अंतिम सामन्यात इटलीच्या पहिल्या अकरांत त्या क्लबचे सहा खेळाडू होते (झॉफ, जेंटिले, शिरेआ, काब्रिनी, तार्देल्ली, रॉसी). त्यांतील पाओलो रॉसी स्पर्धेत सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. मात्र बंदीमुळे त्या हंगामात तो क्लबकडून लीगचे जेमतेम तीन सामने खेळला होता. इथे हंगामाचा निकषही लंगडा पडतो, हे कबूल केले पाहिजे. २००६ च्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजू धरून युव्हेंटसचे आठ जण मैदानात आले : इटलीकडून बुफॉन, कॅनाव्हारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेसी व बदली देल पिएरो, फ्रान्सकडून थुराम, व्हिएरा व बदली ट्रेझेगे.

वेगवेगळ्या काळांतील आकड्यांची तुलना करताना संघाचा आकारही पाहावा लागतो. १९९८ पर्यंत विश्वचषकाच्या संघात २२, २००२ पासून २३ आणि २०२२ मध्ये २६ खेळाडू होते. २०२२ चे ‘सोळा-सतरा खेळाडू’ पाठवणारे क्लब जुन्या काळच्या क्लबांपेक्षा आपोआप थोर ठरत नाहीत.

मोबदला : गणनेला पैशाचे वजन आले ते एका दुखापतीमुळे. नोव्हेंबर २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरवा क्लबचा अब्देलमजीद उल्मर्स मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध खेळताना जायबंदी झाला आणि क्लबला कित्येक महिने त्याच्यावाचून काढावे लागले. क्लबने फिफाविरुद्ध दावा लावला. मोठ्या क्लबांचा ‘जी-१४’ हा गट पाठीशी उभा राहिला. २००८ मध्ये तडजोड झाली, जी-१४ विसर्जित होऊन युरोपियन क्लब असोसिएशन स्थापन झाली, आणि २०१० च्या विश्वचषकापासून खेळाडू सोडणाऱ्या क्लबांना फिफा मोबदला देऊ लागली : त्या वर्षी ४ कोटी डॉलर, २०१४ मध्ये ७ कोटी, तर २०१८ व २०२२ मध्ये प्रत्येकी सुमारे २० कोटी ९० लाख. २०२२ मध्ये एका खेळाडूमागे दिवसाला १०,९५० डॉलरच्या आसपास दर पडला आणि ४४० क्लबांना रक्कम मिळाली. खेळाडू मैदानात उतरला की बाकावर बसून राहिला, याने दरात फरक पडत नाही.

या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की फिफाने ‘चा’चा प्रश्न इथे व्यवहारी रीतीने सोडवला. रक्कम एकाच क्लबला न देता स्पर्धेआधीच्या दोन वर्षांत खेळाडू ज्या ज्या क्लबांत होता त्यांच्यात वाटली जाते. घडणीच्या निकषालाही वेगळ्या नियमात जागा आहे : खेळाडूची करार चालू असताना दुसऱ्या देशात विक्री झाली की किमतीतील पाच टक्के रक्कम वयाच्या १२ ते २३ या काळात त्याला शिकवणाऱ्या क्लबांकडे जाते. १५ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. गल्लीतल्या पोराला बूट देऊन उभे करणाऱ्या लहान क्लबसाठी हा नियम विश्वचषकाच्या मोबदल्याहून मोलाचा आहे.

खेळाडू सोडण्याची सक्ती फिफाच्या वेळापत्रकातील स्पर्धांपुरतीच असते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी क्लब बांधील नाहीत, असा निर्णय क्रीडा लवादाने दिला. तरी बार्सिलोनाने लिओनेल मेस्सीला खेळू दिले व अर्जेंटिनाने सुवर्णपदक मिळवले.

भारतातील स्थिती : भारतात ‘क्लब’ या शब्दात पोलिस, रेल्वे, बँका, लष्कर असे नोकरी देणारे संघही दीर्घकाळ मोडत आले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यातला एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा. जर्नेल सिंग आणि कर्णधार चुनी गोस्वामी मोहन बागानचे. बॅनर्जी मात्र ईस्टर्न रेल्वेचे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला होता आणि त्या शहराचे खेळाडू पन्नाशीच्या दशकातील भारतीय संघांत ठळकपणे दिसतात. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेच्या वेळी इंडियन सुपर लीग (आय. एस. एल.) या देशांतर्गत स्पर्धेतील क्लबांनी खेळाडू सोडण्यास आढेवेढे घेतले, कारण स्पर्धा फिफाच्या वेळापत्रकाबाहेरची होती.

नाशिक : मोठा व्यावसायिक फुटबॉल क्लब नसलेल्या या शहरात ही गणना वाचली जाते ती रात्री उशिरापर्यंत विश्वचषक पाहणाऱ्यांकडून. पण तिच्यामागचा प्रश्न नाशिककरांना स्वतःच्या खेळाडूंमुळे पुरता ठाऊक आहे. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांना धावपटू कविता राऊतबद्दल ‘कविता कुठली?’ असे विचारून पाहावे. कोणी ‘सावरपाड्याची’ म्हणेल, कोणी ‘भोसलाची’, कोणी ‘ओएनजीसीची’. तिन्ही उत्तरे खरी आहेत. हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाली आणि ओएनजीसीत नोकरीला लागली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझो आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्य तिने मिळवले. बुद्धिबळातील ग्रँडमास्टर विदित गुजराथी याचा जन्म इंदूरचा. जन्मस्थानाचा निकष लावला तर २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधील सांघिक सुवर्णपदकात नाशिकचा वाटाच उरत नाही. आणि या शहरात कोणीही तो निकष लावणार नाही, तो लावूही नये.

नाशिकची गणना अशी घडणीच्या बाजूने झुकते. नौकानयनपटू दत्तू भोकनळच्या बाबतीत मात्र ती चाचपडते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव पाण्याला तहानलेले. विहिरी खोदण्याच्या कामावर राबलेला हा तरुण २०१२ मध्ये लष्करात भरती झाला आणि वल्हे प्रथम हाती आले ते पुण्याला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. घडणीच्या निकषाने तो लष्कराचा. विहिरीच्या दगडावर कमावलेले खांदे कुठल्या रकान्यात लिहायचे, याचे उत्तर फिफाच्या पाव टक्क्याच्या नियमातही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी नौका वल्हवण्याच्या शर्यतीत) तो १३वा आला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांग येथे स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या नौकेत आशियाई सुवर्णपदक जिंकले. चौघेही लष्कराचे, म्हणजे क्वीन्स पार्कच्या अकरांसारखीच एका घरची नौका. चांदवडमध्ये मात्र ते पदक तळेगाव रोहीचे म्हणूनच सांगितले जाते.