मटणावर वाद घालताना सुपारी राहूनच गेली

2015 च्या ऑक्टोबरमध्ये 'सॉसेज, बेकन, सलामी तंबाखूच्या यादीत' अशा बातम्या आल्या आणि तेव्हापासून रविवारच्या मटणावरून घरोघरी जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे. यादीचं खरंय, पण ती यादी कसली हे धड कुणी सांगितलंच नाही, सगळा घोळ तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बोलावलेले 10 देशांतले 22 तज्ज्ञ फ्रान्समध्ये बसले, 800 हून जास्त अभ्यास चाळले आणि प्रक्रिया केलेलं मांस गट 1 मध्ये टाकलं. गट 1 म्हणजे 'यामुळे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे', बस. किती जणांना होतो, धोका किती मोठा, हे गट सांगतच नाही. तंबाखू आणि सलामी एका गटात आहेत म्हणजे दोन्ही सारखेच घातक असं अजिबात नाही. आकडा होता तो असा: रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरची शक्यता 18 टक्क्यांनी वाढते, म्हणजे जिथे शंभरातल्या पाचांना तो आयुष्यात कधीतरी होतो तिथे सहाच्या आसपास जणांना होईल. बातमीत 18 आलं, पाचाचे सहा आले नाहीत. आणि आपलं साधं मटण गट 1 मध्ये नाहीच, ते एक पायरी खाली, 'बहुधा कॅन्सर होतो' वाल्या गट 2ए मध्ये. चिकनचा तर त्या बैठकीत विषयच नव्हता.

आकड्यांचं असं आधीही झालंय. 1981 मध्ये अमेरिकेतले 35 टक्के कॅन्सर-मृत्यू आहाराशी जोडले गेले, पण त्याच अंदाजात 10 ते 70 टक्के एवढी मोठी रेंज होती, ती मागे पडली आणि 35 तेवढा लक्षात राहिला. मग भाज्यांमधलं बीटा कॅरोटीन गोळीतून द्यायची कल्पना निघाली, फिनलंडमध्ये 29 हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, 1994 मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त! ताटातली भाजी आणि डबीतली गोळी एक नव्हे, हे तेव्हा कळलं.

कॅन्सर आणि इन्फ्लमेशन यांना जोडणारा धागाही जुना आहे, 1863 पासूनचा, कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या रक्तपेशी दिसल्या तिथून. मराठीत त्याला आपण सूज म्हणतो आणि मग पाय सुजणं, उष्णता होणं सगळं त्यातच मिसळतो. इथे म्हणायचंय ते वर्षानुवर्षं आत धुमसत राहणारी सूज.

ती बघायची असेल तर सुपारी खाणाऱ्याचं तोंड बघा. सुपारी 2003 पासून गट 1 मध्ये आहे, तंबाखू नसली तरी, पण तिचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होते, आणि डॉक्टर तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात तेव्हा एकच जातं.